स्क्रीनवर शेवटचं कोण बोललं? जुन्या मशीनवर ग्रब बसवायची भानगड

जुन्या मशीनवर लिनक्स टाकताना इन्स्टॉलेशन सहसा अडत नाही, अडतो तो त्यानंतरचा पहिला रीस्टार्ट. इन्स्टॉलर शेवटपर्यंत गोड बोलतो, झालं म्हणतो, पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा म्हणतो, आणि मग काळ्या स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात एक कर्सर लुकलुकत बसतो, बास. एरर नाही, काही नाही. हार्ड डिस्कचा दिवासुद्धा एकदा चमकून गप्प.

अशा वेळी बहुतेक लोक काय करतात तर परत इन्स्टॉल करतात. तरी नाही चाललं तर दुसरा डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, आणतात, मग तिसरा, आणि शेवटी म्हणतात की या डबड्यावर लिनक्स चालतच नाही. मला हे अजिबात पटत नाही. तेच मशीन, तीच डिस्क, तोच पेनड्राइव्ह त्याच मोडमधे बूट केलेला, मग परत इन्स्टॉल करून वेगळं काय होणार? जे पहिल्यांदा चुकीच्या जागी बसलं ते दुसऱ्यांदाही तिथेच बसणार. त्यापेक्षा आधी एवढंच शोधायचं की स्क्रीनवर शेवटचं कोण बोललं. बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) बोललं, ग्रबचा (म्हणजे कर्नलला उठवणाऱ्या बूटलोडरचा) पहिला तुकडा बोलला, दुसरा तुकडा बोलला की कर्नल (लिनक्सचा गाभा)? कारण बूट होणं हे रिले रेससारखं असतं, एकाने दुसऱ्याच्या हातात काठी द्यायची, आणि काठी पडली की ती कुणाच्या हातून पडली हे कळलं तर पुढचं काम फार लहान असतं.

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरात करा.)

आधी जुन्या पद्धतीच्या बायोसचं बघू. बायोसला फाइल म्हणजे काय ते कळत नाही, पार्टिशन कळत नाही, ext4 तर दूरच... हे बघा, सवयीने रोमन आलंच, तर ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टीम तर दूरच. त्याला कळतं ते एवढंच की डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलायचा, मेमरीत ठेवायचा आणि तिथे उडी मारायची. त्या ५१२ पैकी पहिल्या ४४६ बाइटमधे कोड, मग ६४ बाइट पार्टिशन टेबल (म्हणून तर चारच प्रायमरी पार्टिशन, प्रत्येकी १६ बाइट) आणि शेवटी दोन बाइटची सही, ५५ एए. एखादं अनोळखी मशीन हातात आलं की मी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सवरून) बूट करून पहिला सेक्टर हेक्सडम्पमधे, म्हणजे बाइटच्या आकड्यांच्या रूपात, उघडून बघतो. शेवटच्या ओळीच्या शेवटी ५५ एए दिसलं पाहिजे, आणि वर उजवीकडे जिथे अक्षरं दिसतात तिथे कोड कुणाचा आहे ते चक्क वाचता येतं. तिथे "ग्रब", "जिओम", "हार्ड डिस्क", "रीड", "एरर" हे शब्द दिसले तर ग्रबचा पहिला तुकडा जागेवर आहे. तिथे जुन्या विंडोजची वाक्यं दिसली, "मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम" वगैरे, तर इन्स्टॉलरने ग्रब या डिस्कवर टाकलेलाच नाही, भलतीकडेच टाकलाय. बऱ्याचदा पेनड्राइव्हवरच! कारण पेनड्राइव्हवरून बूट केलं की काही मशीनवर तोच पहिली डिस्क, म्हणजे एसडीए, बनून बसतो आणि घरची डिस्क एसडीबी होते. इन्स्टॉलर विचारतो ग्रब कुठे टाकू, आपण सवयीने एसडीए म्हणतो. मग पेनड्राइव्ह लावलेला असेल तरच मशीन चालू होतं, काढला की ठप्प, आणि माणूस चक्रावतो.

४४६ बाइटमधे मावणार काय? म्हणून तो पहिला तुकडा फक्त दुसऱ्या तुकड्याला उठवतो. दुसरा तुकडा, ज्याला कोअर इमेज म्हणतात, तो पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसतो. आता गंमत बघा, जुनी पार्टिशन टूल्स पहिलं पार्टिशन सेक्टर ६३ पासून सुरू करायची, म्हणजे मधे ६२ सेक्टर, जेमतेम ३१ केबी. आताची टूल्स २०४८ पासून सुरू करतात, म्हणजे जवळजवळ १ एमबी मोकळा. त्यामुळे जुन्या विंडोजचं पार्टिशन तसंच ठेवून शेजारी लिनक्स टाकलं आणि वर एलव्हीएम, रेड किंवा बीटीआरएफएस अशा डिस्क मांडायच्या गुंतागुंतीच्या पद्धतींचे लाड केले, की कोअर इमेज फुगते आणि त्या ३१ केबीत मावत नाही. मग ग्रब म्हणतो एम्बेडिंग शक्य नाही, ब्लॉकलिस्ट (फाइल डिस्कवर कुठल्या ब्लॉकमधे आहे त्याची नोंद) वापरावी लागेल पण ती भरवशाची नाही. हा इशारा धुडकावून फोर्स करणारे पुष्कळ आहेत. करू नका. आज चालेल, आणि एखाद्या अपडेटने ती फाइल डिस्कवर दुसरीकडे सरकली की बंद.

तर आता स्क्रीन वाचायची.

"नो बूटेबल डिव्हाइस" किंवा "ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड" असं आलं तर बोलतंय बायोस, ग्रबपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. बूट ऑर्डर बघा, डिस्क बायोसला दिसते का बघा. नुसता कर्सर लुकलुकत असेल तर बायोसने उडी मारली पण तिथल्या कोडला पुढची वाट सापडली नाही. "ग्रब" एवढा शब्द येऊन पुढे "हार्ड डिस्क एरर" किंवा "रीड एरर" आला तर पहिला तुकडा बोलतोय, त्याला दुसरा तुकडा वाचता येत नाहीये. "ग्रब रेस्क्यू" असा प्रॉम्प्ट आला तर खरं म्हणजे आनंद व्हायला हवा, कारण दुसरा तुकडा उठलाय, फक्त त्याला स्वतःचा फोल्डर सापडत नाहीये. मेनू आला आणि एंट्री निवडल्यावर एरर आली तर कर्नलची फाइल वाचताना अडलंय. आणि "कर्नल पॅनिक, अनेबल टू माउंट रूट एफएस" किंवा इनिटरॅमएफएसचा (कर्नलसोबत मेमरीत येणाऱ्या सुरुवातीच्या छोट्या फाइलसिस्टीमचा, तिची फाइल म्हणजे इनिटआरडी) प्रॉम्प्ट आला तर ग्रब बिचारा आपलं काम करून कधीच घरी गेलाय, उगाच त्याला परत परत इन्स्टॉल करून छळू नका, इनिटआरडी बनलंय का, रूट पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बरोबर आहे का ते बघा. तसंच "लोडिंग इनिशियल रॅमडिस्क" नंतर सगळं काळं झालं तर ते बहुधा ग्राफिक्सचं दुखणं असतं, मेनूत ई दाबून लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहून बघायचं.

आणखी एक जुना ओळखीचा पाहुणा, "धिस कर्नल रिक्वायर्स अॅन एक्स८६-६४ सीपीयू", म्हणजे ६४ बिटचा कर्नल ३२ बिटच्या प्रोसेसरवर लादलाय. किंवा पीएई (३२ बिटच्या प्रोसेसरची जास्त मेमरी वापरायची सोय) नाही म्हणून तक्रार. सुरुवातीचे काही पेंटियम एम असे आहेत की ज्यांच्यात पीएई असतं पण ते आहे असं सांगतच नाहीत, तिथे फोर्सपीएई हा पर्याय कर्नलच्या ओळीत लिहिला की गाडी चालते. हीसुद्धा बूटलोडरची भानगड नाही, पण लोक ग्रबलाच शिव्या घालतात.

ग्रब रेस्क्यूला लोक फार घाबरतात म्हणून ते जरा नीट सांगतो. तिथे चारच कमांड कामाच्या. एलएस टाइप केलं की डिस्क आणि पार्टिशन दिसतात, (एचडी०) (एचडी०,एमएसडॉस१) (एचडी०,एमएसडॉस५) अशी. ग्रब २ मधे डिस्क शून्यापासून मोजतात आणि पार्टिशन एकपासून, जुन्या ग्रब लेगसीत दोन्ही शून्यापासून होतं, म्हणून नेटवर सापडलेला पंधरा वर्षं जुना सल्ला तसाच टाइप केला की एकाने चुकतो. मग एकेका पार्टिशनवर एलएस (एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब असं करून बघायचं, कुठे "अननोन फाइलसिस्टीम" येईल, कुठे फाइल्सची यादी येईल. जिथे यादी आली तिथे सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब, मग इन्समॉड नॉर्मल, मग नॉर्मल. मेनू समोर. बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर मधला /बूट गाळून नुसतं /ग्रब, हे विसरायचं नाही. मशीन चालू झालं की लगेच ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए आणि अपडेट-ग्रब करून टाकायचं, नाहीतर पुढच्या वेळी परत तेच. आणि ग्रब-इन्स्टॉल डिस्कवर करायचं, एसडीए१ या पार्टिशनवर नाही, तो आकडा सवयीने टाइप होतो आणि मग त्या ब्लॉकलिस्टच्या गोष्टी सुरू होतात.

यादी कुठेच येत नसेल, सगळीकडे अननोन फाइलसिस्टीम, तर एक शक्यता अशी की पार्टिशन नव्या टूलने फॉरमॅट केलंय आणि ग्रब जुना आहे. २०२३ मधे आलेल्या ई२एफएसप्रॉग्स १.४७ ने ईएक्सटी४ फॉरमॅट करताना मेटाडेटा_सीसम_सीड नावाचं एक फीचर बाय डीफॉल्ट चालू केलं, आणि मूळ ग्रब २.०६ ला ते वाचताच येत नाही. नव्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून फॉरमॅट करून जुना डिस्ट्रो टाकणाऱ्यांना हा प्रसाद मिळतो. ट्यून२एफएसने ते फीचर बंद करता येतं.

आता ज्या मशीनमुळे मी हे सगळं लिहायला बसलो त्याबद्दल. हातात आलेला एक जुना लॅपटॉप, कंपनीचं नाव नको, आयडीई डिस्कच्या जमान्यातला, त्यात मागे कुणीतरी मूळची छोटी डिस्क काढून २५० जीबीची बसवलेली. डेबियन (एक डिस्ट्रो) व्यवस्थित बसलं, बूट झालं, बरेच दिवस मस्त चाललं. आणि एक दिवस कर्नल अपडेट झाल्यावर मेनूत नवीन एंट्री निवडली की "अटेम्प्ट टू रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क एचडी०". जुना कर्नल निवडला की बिनतक्रार बूट. पहिला संशय कुणावर जाईल? नव्या कर्नलवर. पण वर म्हटलं तसं, बोललं कोण ते बघा. मेसेज ग्रबचा आहे, कर्नल तर अजून मेमरीत आलेलाच नाही, त्याच्यावर आळ घ्यायचं कारणच नाही.

आणि ग्रब म्हणत होता तेही शब्दशः खरं होतं. ग्रब डिस्क स्वतः वाचत नाही, तो बायोसला सांगतो की अमुक सेक्टर आणून दे. त्या पिढीच्या बायोसला सेक्टरचा नंबर २८ बिटांतच मोजता येतो, म्हणजे २६,८४,३५,४५६ सेक्टर, गुणिले ५१२, झाले १३७ जीबी. त्यापुढची डिस्क त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. ४८ बिटांचा पत्ता एटीए-६ या डिस्कच्या मानकात आला, २००२ च्या आसपास, आणि बायोसमधे झिरपायला त्यानंतरही वेळ गेला. लिनक्सला मात्र कर्नल चालू झाल्यावर बायोसची गरजच नसते, तो स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क वाचतो, म्हणून इन्स्टॉल करताना २५० च्या २५० जीबी दिसले, पार्टिशन झालं, फाइल्स लिहिल्या गेल्या, कुठे खुट्ट झालं नाही. पहिला कर्नल इन्स्टॉलरने मोकळ्या डिस्कवर सुरुवातीलाच कुठेतरी लिहिला, तो बायोसच्या हाताच्या टप्प्यात होता. डिस्क भरत गेली, आणि नवा कर्नल जिथे जागा मिळाली तिथे, पार पलीकडे जाऊन पडला.

हे नुसतं अंदाजाने म्हणायची गरज नाही, मोजता येतं. जुन्या कर्नलने बूट करून फाइलफ्रॅग -व्ही ही कमांड /बूट मधल्या दोन्ही कर्नल आणि इनिटआरडीच्या फाइलवर चालवली. ती फाइल डिस्कवर कुठल्या ब्लॉकपासून कुठल्या ब्लॉकपर्यंत आहे ते फिजिकल ऑफसेटच्या रकान्यात सांगते. ब्लॉक ४०९६ बाइटचे, म्हणजे १३७ जीबीची लक्ष्मणरेषा येते ३,३५,५४,४३२ व्या ब्लॉकवर (पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीपासून जेवढं लांब सुरू होतं तेवढे ब्लॉक त्यातून वजा). जुन्या कर्नलचे आकडे लाखांत, नव्या कर्नलचे चार कोटींच्या पुढे. एकदम स्वच्छ पुरावा, हे बघून मला जे समाधान मिळालं ते इन्स्टॉलेशन झाल्यावरही मिळालं नव्हतं, खरं सांगतो.

उपाय जुनाच आणि साधा, /बूट साठी एक छोटं वेगळं पार्टिशन डिस्कच्या अगदी सुरुवातीला, १ जीबी पुष्कळ. कर्नल, इनिटआरडी, ग्रबच्या फाइल्स सगळं त्यातच राहणार, त्यामुळे कितीही अपडेट आले तरी टप्प्याबाहेर जाणारच नाहीत. या मशीनवर डिस्कच्या सुरुवातीला स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायचं) पार्टिशन होतं म्हणून रूट पार्टिशन सरकवायची वेळ आली नाही. स्वॅपऑफ केलं, त्याच जागी ईएक्सटी४ फॉरमॅट केलं, /बूट मधलं सगळं तिकडे कॉपी, एफएसटॅबमधे (माउंट करायच्या पार्टिशनच्या यादीत) ओळ, माउंट, ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब, आणि स्वॅपसाठी रूटमधे एक फाइल. एक बारीकशी गोष्ट मात्र लक्षात ठेवा, डेबियन आणि त्याच्या भाऊबंदांत इनिटरॅमएफएस हायबरनेटमधून उठण्यासाठी जुन्या स्वॅपचा यूयूआयडी लिहून ठेवतं, /इटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम या फाइलमधे. तो बदलला नाही तर बूट होताना नसलेल्या स्वॅपची वाट बघत मशीन उगाच थांबून राहतं. फाइल बदलायची, अपडेट-इनिटरॅमएफएस -यू करायचं, मिटलं.

याच्याही आधीची मशीन असतील तर रेषा आणखी अलीकडे असते. १०२४ सिलिंडर, २५५ हेड, ६३ सेक्टर, गुणाकार केला की सुमारे ८.४ जीबी. लिलो या ग्रबच्या आधीच्या बूटलोडरच्या काळातले लोक हा आकडा झोपेतही सांगतील, आणि लिलो नावाची अक्षरं एकेक करून छापत यायचा, जिथे अडला तिथे तेवढीच अक्षरं, नुसतं एलआय दिसलं की कळायचं दुसऱ्या टप्प्यात अडकलाय. किती सभ्य डीबगिंग होतं ते! ग्रब लेगसीत याच दुखण्याला एरर १८ म्हणायचे. नाव आणि आकडा बदलला, रोग तोच.

आता यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर (मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम). इथे पहिला सेक्टर वगैरे काही नाही, फर्मवेअर स्वतः फॅट फाइलसिस्टीम वाचतं, ईएसपी नावाच्या पार्टिशनमधली .ईएफआय फाइल चालवतं. वाचायला सोपं वाटतं ना? पण २०१० ते २०१३ च्या आसपासची मशीन म्हणजे धड इकडची ना तिकडची. दोन्ही मोड असतात आणि बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे यूईएफआय लिहून. ज्या नावाने बूट कराल त्या मोडचा ग्रब इन्स्टॉलर बसवतो. पेनड्राइव्ह बायोस मोडमधे उठला आणि मशीन यूईएफआय मोडवर ठेवलेलं असेल तर इन्स्टॉलेशन सुंदर होतं आणि बूट होत नाही. म्हणून लाइव्ह सिस्टीममधे शिरलो की माझी पहिली कमांड एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय. फोल्डर आहे तर यूईएफआय, नाही तर बायोस. पार्टिशनला हात लावायच्या आधी.

आणि तिथेच एक फाइल असते, एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइझ, ती कॅट करा. ६४ आलं तर ठीक. ३२ आलं तर सावध, कारण प्रोसेसर ६४ बिट पण फर्मवेअर ३२ बिट असा जोडा तुमच्या नशिबी आलाय. इंटेलच्या बे ट्रेल अॅटमवरचे, झेड३७३५एफ वगैरे, ते कीबोर्ड वेगळा होणारे छोटे टॅबलेट-लॅपटॉप आणि २००६-०७ चे कोअर २ ड्युओ असलेले काही मॅक याच जातीचे. यांच्यावर साधा ६४ बिटचा पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नाही, कारण फर्मवेअर शोधतं ईएफआय/बूट फोल्डरमधे बूटआयए३२.ईएफआय आणि पेनड्राइव्हवर असतं फक्त बूटएक्स६४.ईएफआय. लोकांना वाटतं पेनड्राइव्ह खराब आहे, पोर्ट खराब आहे. त्या अॅटमवाल्या टॅबलेटमधे तर बहुधा लेगसी (जुन्या बायोसचा) मोडही नसतो, म्हणजे पळवाट बंद. पण कर्नलला हा तिढा ३.१५ पासून, म्हणजे २०१४ पासून कळतो, आणि डेबियनने आवृत्ती ८ पासून इन्स्टॉलरमधे याची सोय केली. दुसरा डिस्ट्रो असेल तर ३२ बिटचा ग्रब स्वतः बसवायचा, ग्रब-इन्स्टॉलला टार्गेट आय३८६-ईएफआय सांगायचं. कर्नल ६४ बिटचाच राहू द्या, फक्त त्याला उठवणारा ३२ बिटचा.

यूईएफआयचं दुसरं दुखणं विसरभोळेपणा. ग्रब-इन्स्टॉल आपलं नाव मदरबोर्डच्या मेमरीत लिहितं, ईएफआयबूटएमजीआर चालवलं की डेबियन नावाची ओळ दिसते, सगळं झकास, आणि रीस्टार्ट केल्यावर ती ओळ गायब किंवा असूनही दुर्लक्षित. काही फर्मवेअर फक्त विंडोजच्या ठरलेल्या नावाच्या फाइललाच ओळखतात. अशा हट्टी मशीनशी वाद घालण्यात अर्थ नाही. ग्रब-इन्स्टॉलला रिमूव्हेबल हा पर्याय द्यायचा, मग तो स्वतःला ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय या नावाने ठेवतो, आणि ही फाइल जवळजवळ प्रत्येक फर्मवेअर काहीच सापडलं नाही की चालवून बघतंच. डेबियनचा इन्स्टॉलर एक्स्पर्ट मोडमधे हा प्रश्न थेट विचारतो, हो म्हणा. शेजारी विंडोज असेल तर त्या नावाची फाइल आधीपासून तिथे असते, तिची कॉपी काढून ठेवा.

हीच युक्ती आणखी एका ठिकाणी कामाला येते. मशीन यूएसबीवरून बूटच होत नाही, सीडी ड्राइव्ह मेलेला, मग डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून तिथे लिनक्स टाकायचं आणि डिस्क परत आणायची. छान पद्धत आहे, मी आवडीने वापरतो. पण ते बूट एंट्रीचं नाव लिहिलं गेलं त्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर! डिस्क मूळ घरी आली की तिला कुणी ओळखत नाही. रिमूव्हेबल केलेलं असेल तर प्रश्नच येत नाही. बायोसवाल्या मशीनसाठी ही पद्धत आणखी सोपी, फक्त त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉलर बायोस मोडमधे उठवायचा आणि ग्रब कुठल्या डिस्कवर जातोय ते डोळे फाडून बघायचं. सीडी ड्राइव्ह जिवंत असेल तर प्लॉप बूट मॅनेजर सीडीवर टाकून त्यातून पेनड्राइव्ह उठवता येतो, हळू चालतो पण चालतो.

बायोस मशीनवर जीपीटी हे नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल करायचं का? माझं मत, डिस्क २ टीबीच्या आत असेल तर नका करू, जुनं एमएसडॉस टेबलच बरं. जीपीटी केलं तर कोअर इमेजसाठी ती मधली मोकळी जागा राहत नाही, १ एमबीचं वेगळं बायोस बूट पार्टिशन करावं लागतं, त्याला बायोस_ग्रब फ्लॅग द्यावा लागतो, फॉरमॅट करायचं नाही. एवढं करूनही काही बायोस इतके जुन्या वळणाचे की टेबलमधे एकही पार्टिशन अॅक्टिव्ह दिसलं नाही तर डिस्कला बूटेबल मानतच नाहीत. जीपीटीच्या डिस्कवर पहिल्या सेक्टरमधे जी एक नाममात्र नोंद असते तिच्यावर तो फ्लॅग लावावा लागतो, पार्टेडमधे डिस्क_सेट पीएमबीआर_बूट ऑन. लावला की तेच मशीन मुकाट्याने बूट होतं. एमएसडॉस टेबलवरही हा फ्लॅग बघून घ्या, ग्रबला त्याची गरज नसते पण बायोसला असू शकते.

आणि हो, तारीख. मशीन चालू केल्यावर तारीख मागच्या दशकातली दिसली तर आधी मदरबोर्डवरची सेल बदला, बहुतेक ठिकाणी सीआर२०३२. ती मेली की प्रत्येक वेळी प्लग काढल्यावर बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात, बूट ऑर्डर जाते, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयचा आयडीई होतो, लेगसीचं यूईएफआय होतं, आणि काल चाललेलं आज चालत नाही. अशा मशीनवर ग्रबमधे कितीही डोकं घाला, उपयोग शून्य.

सगळं जमलं, मेनू आला, बूट झालं, की बायोसवाल्या मशीनवर मी डीडी या कॉपी करायच्या कमांडने डिस्कचा पहिला १ एमबी एका फाइलमधे काढून दुसरीकडे ठेवतो. त्यात पहिला सेक्टरही येतो आणि कोअर इमेजही. परत टाकायची वेळ आली तर मात्र ती अख्खी फाइल एका दमात डिस्कवर ओतायची नाही, मधल्या काळात पार्टिशन बदलली असतील तर जुनं टेबल नव्यावर बसेल आणि सगळं गेलं. आधी फक्त पहिले ४४० बाइट, कारण त्याच्या पुढच्या बाइटमधे डिस्कची सही आणि मग टेबल असतं. मग सेक्टर १ पासून पुढचा भाग, स्किप आणि सीक दोन्ही १ ठेवून, आणि तेही पहिलं पार्टिशन २०४८ वर सुरू होतंय हे एफडिस्कमधे बघूनच. ६३ वर सुरू होत असेल तर तिथे फक्त ६२ सेक्टर.